आपल्याला पाणी कोठून मिळते?

तिसरीच्या निकालाच्या दिवशी माझी लेक घरी आली ती परिसर अभ्यासाचा पेपर नाचवतच. मार्क चांगले होते, पण एका उत्तरावर ठसठशीत लाल फुली. प्रश्न होता, 'आपल्याला पाणी कोठून मिळते?' आणि आमच्या कन्येनं लिहिलं होतं, 'आईकडून.'

हे इतके हसले की बशीतला चहा सांडला. सासूबाई म्हणाल्या, "खरं तेच लिवलंय की पोरीनं!" मीही हसले. पण खरं सांगते, आत कुठंतरी चटका बसला. २०२४ सालचा एप्रिल-मे होता. पौडच्या पुढं, धरणाच्या वाटेवर आमचं गाव. नळ आहे दारात, पण उन्हाळ्यात तो कधी येईल त्याचा नेम नाही. मग उरते विहीर आणि माझी कंबर. लेकीनं लहानपणापासून पाणी माझ्याच डोक्यावरून येताना पाहिलेलं. तिनं पाहिलं तेच लिहिलं!

फुलीबद्दल तिला वाईट वाटलं नव्हतं. तिचा गोंधळ वेगळाच होता. "बाई म्हणाल्या, बरोबर उत्तर पाऊस. मग आई, आपल्याकडं पाऊस कमी पडतो का?"

आता मुळशीत राहणाऱ्या बाईला हा प्रश्न! जून ते सप्टेंबर चार महिने आमचे कपडे वाळत नाहीत, पापडाच्या डब्याला बुरशी येते, भातखाचरं तुडुंब असतात. मी म्हटलं, "छे गं, भरपूर पडतो." ती म्हणाली, "भरपूर म्हणजे किती?"

मैत्रिणींनो, इथं मी गप्प बसले. मला दहावीला विज्ञानात कसेबसे पास होण्यापुरते मार्क होते. सातवीत असताना एकदा वर्गात विचारलं होतं, माठातलं पाणी गार कसं होतं म्हणून. "पुस्तकात नाही ते विचारू नकोस, खाली बस," असं उत्तर मिळालं. तेव्हापासून विज्ञान म्हणजे पाठ करायचं आणि पेपर संपला की विसरायचं, एवढंच माझं नातं. लेकीच्या अभ्यासात मराठी, गणित मी घ्यायचे. आणि 'शिवछत्रपती' तर ती मोठ्या बहिणींचं ऐकून ऐकून आधीच तोंडपाठ म्हणायची. परिसर अभ्यास मात्र मी तिच्या बाबांवर ढकलायचे. ते पिरंगुटच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे तो तसाच राहायचा. हे म्हणाले, "चौथीला शिकवणी लावू. नाहीतर ते किट मिळतं बघ विज्ञानाचं, ते मागवू." किटची किंमत ऐकून मी म्हटलं, आधी 'भरपूर म्हणजे किती' एवढं तरी बघू या.

पाऊस मोजायची बाटली कशी करतात हे मी फार पूर्वी कुठंतरी वाचलं होतं. दोन लिटरची, बाजूंनी सरळ आणि गुळगुळीत अशी प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. मान जिथं सुरू होते तिथं कापायची. कापलेला वरचा भाग उलटा करून तोंडावर बसवायचा, की झालं नरसाळं. बाटलीचा बूड खडबडीत असतो, म्हणून तळाशी थोडी खडी घालायची आणि खडी बुडेपर्यंत पाणी ओतायचं. त्या पाण्याच्या पातळीला शून्य. तिथून वर पट्टीवरचे मिलिमीटर कागदावर उतरवून पारदर्शक चिकटपट्टीनं चिकटवायचे. आमच्या बाटलीवर १८० पर्यंत खुणा मावल्या. खर्च शून्य. खडीमुळे बाटली वाऱ्यानं पडतही नाही... असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या शेळीनं ती पाडली. मग चार विटांचा कोट केला.

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली आणि आमचं मोजणंही. लेकीनं बाटली ठेवायची जागा स्वतः निवडली, ओट्याच्या कडेला, म्हणजे भिजावं लागू नये. मला दिसत होतं की वरून कौलांच्या पागोळ्या थेट तिथंच गळणार. जीभ अगदी टोकाशी आली होती, पण का कोण जाणे, गिळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काठोकाठ! पोरगी नाचायला लागली, १८०! रात्री तर नुसती भुरभुर झाली होती. शेजारच्या आजींची घमेली अंगणात होती, तिचा तळ जेमतेम ओला. ती कधी घमेलीकडं बघे, कधी बाटलीकडं, मग मान वर करून कौलांकडं. "आई... हे आख्ख्या छपराचं पाणी आहे!" बाटली लगेच उचलून अंगणाच्या मधोमध नेली, घर आणि आंब्याचं झाड दोन्हीपासून लांब. मी आधी सांगून टाकलं असतं तर बाटली योग्य जागी गेली असती, पण 'आख्ख्या छपराचं पाणी' हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसते. पुढं त्याच शब्दांनी आम्हाला कामाला लावलं.

दुसऱ्या वेळी मात्र जीभ गिळता आली नाही. तिनं विचारलं, "मोठ्या तोंडाच्या डब्यात जास्त मिलिमीटर भरतील ना?" मी भाजी फोडणीला टाकत होते. म्हटलं, "हो, भरणारच की. तोंड मोठं, पाणी जास्त." किती आत्मविश्वासानं सांगितलं! दुपारी तिनं अंगणात पोह्यांचा मोठा सरळ डबा, स्टीलचा पेला आणि कपडे भिजवायची बादली मांडली. संध्याकाळी पट्टी बुडवून पाहिलं तर डबा १४, पेला १४, बाटलीही १४. फक्त बादलीत जास्त.

तिला खूप आनंद झाला. विज्ञानाचा नव्हे, आईचं चुकल्याचा! घरभर सांगत सुटली. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मग आम्ही दोघी खरोखरच विचार करत बसलो. डब्याचं तोंड मोठं, पण बूडही तेवढंच मोठं. जास्त पाणी आलं तरी ते जास्त जागेत पसरलं. बादलीचं तसं नाही. ती वर रुंद, खाली अरुंद. रुंद तोंडानं गोळा केलेलं पाणी अरुंद बुडात चढून बसलं. म्हणून पाऊस मोजायला बाजू सरळ हव्यात. हे मला चाळिशीत कळलं, आणि कळलं तेव्हा मी भाजी करपवली होती.

त्या दिवसापासून लेक प्रश्न विचारायला बिचकेनाशी झाली. आईलाही येत नाही म्हटल्यावर न येण्याची लाज कसली? तिच्या बाबांचं म्हणणं, एवढं डोकं कशाला शिणवता, मोबाइलला विचारा, एका मिनिटात सांगेल. सांगेल हो. आम्हीही विचारतो कधीकधी. पण लोणचं बरणीत घातल्याघातल्या कोणी वाढतं का? प्रश्नही चार दिवस मुरू द्यावा, असं माझं मत झालंय. मोबाइल झाकण लावायच्या आतच ताटात वाढून मोकळा होतो.

रोज सकाळी साडेआठ वाजता आमचं मोजणं. ही वेळ तिनं बातम्यांतून उचलली. हवामान खातं साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा पाऊस धरतं. सासूबाईंना डोळे दाखवायला पुण्याला गेलो तेव्हा शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून गेलो. इतकी वर्षं त्या नावाचं मला कोडं होतं. पुण्यात सिमला कुठून आलं? तर १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला या इमारतीत आलं, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, नाव इथंच राहिलं. लेक गाडीच्या खिडकीतून मान वळवून वळवून बघत होती. "इथंपण बाटली आहे का गं?"

तिची खरी परीक्षा झाली ती जुलैअखेर. २०२४ च्या त्या पावसात पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या घरांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २५ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत आमच्या ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमचं गाव ताम्हिणीच्या बरंच अलीकडं, पण रात्रभर कौलांवर कोणी गोटे ओतावेत तसा आवाज. सकाळी छत्री धरून दोघी अंगणात गेलो. बाटली भरून वाहून गेलेली.

"किती लिहू?"

हे म्हणाले, "लिही की १८०." सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीवर सांगतील त्ये लिव." मलाही वाटलं, वहीत एक आकडा गेला की झालं, शाळेला उशीर होतोय. पण ती पेन्सिल तोंडात घालून तशीच उभी. शेवटी तिनं लिहिलं, '१८० पेक्षा जास्त. नक्की किती माहीत नाही. बाटली वाहिली.' नंतर दुपारी दोनलाही एकदा बघून यायची सवय तिनं लावून घेतली; सुट्टीच्या दिवशी ती, एरवी मी. घरातली कामं टाकून पावसात पट्टी घेऊन उभी असलेली बाई बघून गल्लीतल्या बायकांनी काय काय म्हटलं असेल, ते असो.

सप्टेंबर संपला तेव्हा वहीतली बेरीज आली २,४१२ मिलिमीटर. बाटली वाहिलेले दिवस १८० धरून, म्हणजे खरा पाऊस याहून जास्तच. 'भरपूर म्हणजे किती'चं उत्तर मिळालं. पण २,४१२ मिलिमीटर म्हणजे हंडे किती?

याला आम्हाला नानकटाईचा ट्रे कामी आला. दिवाळीत बेकरीत भाजायला नेतो तो पत्र्याचा ट्रे; मोजला तर ५० सेंटिमीटर लांब, ४० रुंद. अगदी सपाट जागी ठेवून त्यात लिटरच्या मापानं एक लिटर पाणी ओतलं. पट्टीवर ५ मिलिमीटर. मग अंगणात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला. त्यात असे किती ट्रे बसतील? चौथीच्या मुलीला चौरस मीटर समजत नाही, पण ट्रेएवढे तुकडे आखता येतात. चार सबंध बसले, आणि उरलेली पट्टी बरोबर पाचव्या ट्रेएवढी निघाली. म्हणजे तेच एक लिटर पाच ट्रेंत पसरलं तर प्रत्येकात एकच मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेत हे मी सूत्र म्हणून घोकलं असणार, पण ते दिसलं त्या अंगणात, खडूच्या रेघांवर.

मग छप्पर. एका बाजूचाच उतार धरला. मी उतारावरूनच टेप लावायला निघाले होते, पण गावातल्या गवंडीकाकांनी अडवलं. "वहिनी, पाऊस वरनं सरळ येतो. छपरानं जमीन किती झाकली ते खालनं मोजा." सात मीटर बाय चार मीटर, अठ्ठावीस चौरस मीटर. शंभर मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे २,८०० लिटर. आमचा हंडा साधारण पंधरा लिटरचा. एका दिवसाचे १८६ हंडे! आणि आख्ख्या पावसाळ्याचे साडेसदुसष्ट हजार लिटर, म्हणजे साडेचार हजार हंडे. उन्हाळ्यात मी दिवसाला बारा हंडे आणते. लेकीनं भागाकार केला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आला. ३७५ दिवस.

ती माझ्याकडं बघत राहिली. "आई, आपल्या अर्ध्या छपरावरचं पाणी तुला वर्षभर पुरून वर दहा दिवस उरतं. मग तू का आणतेस?"

कंबरेवर हात ठेवून मी उभीच राहिले. वीस वर्षं मी विहिरीवर जातेय. हा हिशोब घरातल्या एकाही माणसाला, मला स्वतःलासुद्धा, कधी करावासा वाटला नव्हता.

उत्तर तिनंच शोधलं, आणि ते सोपं नव्हतं. साठवायचं कुठं? हजार लिटरच्या टाक्या धरल्या तर सदुसष्ट टाक्या लागतील. नुसत्या एप्रिल-मेचं म्हटलं तरी अकरा. आमच्या अंगणात दोन ठेवल्या तर तुळस हलवावी लागेल.

तेव्हा सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या लसूण सोलत नुसत्या ऐकत होत्या. "सायबानं साठवलंच की. आख्खा मावळ बुडवून साठवलं." मग निघालं धरण. सासूबाईंच्या आज्याची भातखाचरं मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहेत. टाटांच्या वीज कंपनीच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो चालवला. १९२४ पर्यंत लोक झगडले, तरी धरण झालंच. लेकीला सेनापती बापट म्हणजे रस्त्याचं नाव एवढंच माहीत होतं. आजीकडून हे ऐकताना ती वही विसरून गेली.

रात्री जमिनीवर नकाशा पसरला. मुळा नदी पूर्वेला वाहते, पुण्यात मुठेला भेटते, पुढं भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. पण धरणाचं पाणी विजेसाठी बोगद्यातून उलटं, पश्चिमेला वळवलंय. सह्याद्रीचा कडा उतरून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला जातं, तिथं चाकं फिरवतं, १९२७ पासून वीज तयार होते. नंतर ते कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. लेकीनं बोटानं दोन्ही वाटा गिरवल्या. तिच्या मामाचं गाव धरणाच्या वरच्या अंगाला, आमचं खालच्या. "म्हणजे मामाकडचा पाऊस अरबी समुद्रात आणि आपला बंगालच्या उपसागरात?" धरणातून खाली पाणी सोडलं नाही तर हो, बहुतेक तसंच. मला स्वतःला हे त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "एवढं साठवलंय, तर आपल्याला का नाही?" सासूबाईंनी लसणाची सालं गोळा केली आणि उठून गेल्या. मी म्हटलं, "हा प्रश्न नुसता विज्ञानाचा नाही. वहीत लिहून ठेव." लिहिलाय तिनं. पान कोरंच आहे.

दिवाळीच्या बोनसमधून ह्यांनी एक टाकी आणली, हजार लिटरची, झाकणाची आणि काळी. आत उजेड गेला तर शेवाळ धरतं. प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून पन्हळ केली. पावसाच्या सुरुवातीला छपरावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण येते, तेव्हा पाइपचं तोंड बाजूला वळवायचं. परतीचा पाऊस थोडा शिल्लक होता, त्यात टाकी भरली. ते पाणी आम्ही पीत नाही, धुण्याभांड्याला ठेवलं. लेकीनं वहीत आधीच लिहून ठेवलं, 'साडेपाच दिवस पुरेल.' एप्रिल २०२५ मध्ये नळ गेला तेव्हा टाकी उघडली. आठ दिवस पुरली! तिचा हिशोब कुठं चुकला? सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी भांडी राखेनं घासत हुते. पोरीची टाकी लगीच संपाय नको म्हणून." कन्या चिडली. म्हणाली, आजीमुळं प्रयोग बिघडला.

ज्यांना अशी आणखी खटपट करायची असेल त्यांनी अरविंद गुप्तांची खेळणी जरूर पाहावीत. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, फेकलेल्या बाटल्या यांतून ते विज्ञान उभं करतात. पुण्यातल्या 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांबरोबर हेच केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकंही फुकट आहेत. यात मोबाइल कामाला येतो, हे मान्य करते. शिकवणीचं मात्र आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. परिसर अभ्यासात तिला फार जास्त मार्क पडू लागले असं नाही. पेपरात अजूनही ती कधीकधी पाहिलेलं लिहून येते.

२०२५ चा पाऊस तर २५ मेलाच महाराष्ट्रात येऊन थडकला. बाटली माळ्यावर, पट्टीचा कागद उंदरानं खाल्लेला. धावपळ करून नवीन बाटली कापली, तरी पहिले दोन दिवस हुकलेच. वहीत तसं लिहिलंय. चौथीत असताना तिनं ही वही शाळेत नेली होती. फुली मारणाऱ्या बाईंनीच ती सगळ्या वर्गाला दाखवली, आणि आता शाळेच्या मैदानातही चार विटांच्या कोटात बाटली असते. शाळा आमच्या घरापासून जेमतेम दीड किलोमीटर. मागे एका दिवशी शाळेच्या बाटलीत ३१ आणि आमच्या बाटलीत ४४. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही उघड्यावर, वेळ तीच.

"असं कसं गं आई?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. साडेआठ वाजत आले होते. तिनं छत्री काढली, मी पट्टी घेतली.